एका पाण्याची जनावरं

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी वास यायचा आणि मग माणसं दिसायची. इंदापूरकडून नीरेच्या अंगानं येताना डांबरी रस्ता सोडायचा, दोन्ही बाजूंच्या उसातून आत यायचं, आणि जिथं उसाचा गोडूस वास संपून एकदम आंबूस, ओला, डोळ्यांत जाणारा वास सुरू होतो तिथं आमचा मळा. लोक त्याला घोडमळा म्हणत. आमचे वडील, म्हणजे तात्या, घोडी पाळत. वरातीला देत, नरसिंहपूरच्या बाजूला जत्रेत पोरं बसवायला नेत, लोकांची बिनचालीची घोडी ठेवून घेऊन त्यांना चाल शिकवत. आता मी बारामतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीत तुळस आहे, फरशीला दोन वेळा फिनेल आहे. लग्नाच्या वेळी मुलगा पाहायला गेलो तेव्हा मी मुलाकडे कमी आणि अंगणाकडे जास्त पाहिलं होतं. त्यांच्याकडे मांजरसुद्धा नव्हतं. मी तिथंच होकार ठरवला. मुलगा बरा निघाला हे नशीब.

घोडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आयाळ उडवत धावणारं काहीतरी येतं. माझ्यापुढे शेपटी वर होते, एवढंच. आमचा सगळ्यांत जुना मानकरी म्हणजे बाजी, भीमथडी तट्टू. बुटका, हाडापेरानं दणकट, दिवसभर ओझं घेऊन चालेल असा. पण पाऊल टाकलं की पोटातला वारा सोडणार, पाऊल आणि वारा असा ठेका धरून. नवरदेवाची मिरवणूक पुढे आणि बाजी मागे सामानाला असला की बँडवाल्यांना ताशा कमी लागायचा. दोन पांढऱ्या नुकऱ्या घोड्या होत्या, पाकळी आणि रेवडी. फोटोत त्या बर्फासारख्या दिसायच्या. जवळून पाहिलं की गुलाबी कातडीवर गोमाश्यांचे फोड, डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडं, आणि शेपटीखालचा पिवळा डाग, जो नीळ घालूनही जायचा नाही. छबिना नावाचा नाचरा काठेवाडी घोडा होता. तो हलगी ऐकली की पाय उचलायचा आणि मी दिसले की दात काढायचा. अजून तीन घोडी होती, त्यांना खरूज आळीपाळीनं व्हायची. आणि त्यांच्या सोबतीला साहेब नावाचं एक गाढव, जे स्वतःच्याच लिदीत लोळून आईच्या धुण्याला अंग घासायचं.

घोड्यांवर थांबलं असतं तर मी तात्यांना माफ केलं असतं. पण एक उंटही होता. थंडीत माजावर आला की तो गालातून लालभडक फुगा बाहेर काढायचा आणि कुणीतरी हंड्यात तोंड घालून गुळण्या करतंय असा आवाज करायचा. मग तो फेस उडायचा. तो कुठं उडायचा ते मी कॉलेजच्या ओढणीवरून सांगू शकले असते. एक दाढीवाला बोकड होता, तो हंगामात स्वतःच्या दाढीवर स्वतःच मुतायचा आणि मग ती दाढी घेऊन मोठ्या प्रेमानं आपल्याजवळ यायचा. बदकं होती, त्यांचं तर पुढचं आणि मागचं टोक सारखंच चालू असायचं. या सगळ्यांतून वाट काढत मी बारामतीच्या एस.टी.ला पळायची. गाडीत माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी. मला वाटायचं, मुली माझा मान ठेवतात.

घरात जेवणही जनावरांपासून वेगळं नव्हतं. घोड्यांसाठी हुलगे शिजत, त्याच पातेल्यातलं पाणी काढून आई लसूण-मिरचीची फोडणी देऊन आमच्यासाठी माडगं करायची. चवीला झकास. पण पातेल्याच्या काठाला घोड्याचा एक केस चिकटलेला नाही असं मी कधी पाहिलं नाही. तात्या कोंडा आणि गूळ हातानं कालवून छबिन्याला भरवत, तोच हात धोतराला पुसत आणि भाकरी मोडायला बसत. मी ताट उचलून ओसरीवर गेले की म्हणत, "ही बघा नाकवाली निघाली. अगं नंदे, ज्याचं खातो त्याच्या वासानं मळमळतं व्हय तुला?"

माझा धाकटा भाऊ धनंजय लगेच नाक दाबून माझी नक्कल करायचा. आई म्हणायची, "हसू नका. हिला देणार कुठं मग? आकाशात?"

तर मी अशी. सगळ्या घरात किळस येणारी मी एकटीच. बाकीच्यांना तो अवयवच दिलेला नव्हता.

आमच्या मळ्यावर एक रीत होती. आजोबांपासूनची, असं तात्या सांगत. नवं घोडं आलं की पहिली रात्र त्याला फाटकाशी लिंबाखाली एकटं बांधायचं. सकाळी दगडी डोणी काठोकाठ भरायची, आईनं हळदकुंकू टाकायचं, आणि नव्या घोड्यानं आधी तोंड लावायचं. त्याचं उष्टं पाणी तात्या एक ओंजळ स्वतः पीत. मग बाकीची सगळी घोडी त्याच डोणीला. याला म्हणायचं पाणी एक करणं. एका पाण्याची जनावरं एकमेकांना लाथ मारत नाहीत, असा तात्यांचा शब्द. छबिना तर आल्यापासून प्रत्येकाला लाथ मारत होता, पण रीतीला पुरावा लागत नाही. मला त्या ओंजळीचीच भीती. आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढून ती जात नसे.

त्या वर्षी भाद्रपदात, गणपती नुकतेच उठले होते, तात्या नदीपलीकडून एक मारवाडी घोडी घेऊन आले. टेंपोतून उतरली आणि मळा गप्प झाला. काळपट तांबडं, कुमैत अंग, कानांची टोकं वर वळून एकमेकांना टेकलेली, मान अशी की माझंसुद्धा क्षणभर तिच्या शेपटीकडे लक्ष गेलं नाही. नाल ठोकणारे उस्मानचाचा मुद्दाम थांबले होते. घोडं घेताना आमच्याकडे अंगावरचे भोवरे बघत. कुठला भोवरा शुभ, कुठला घरबुडव्या, कुठल्यानं मालक मरतो, याचं सगळं शास्त्र. तात्या आणि उस्मानचाचा घोडीभोवती तासभर फिरले. पोट बघितलं, गुडघे बघितले, डोळ्याखाली बघितलं.

"देवमन हाय, तात्या," उस्मानचाचांनी गळ्याखालच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. "बराब्बर मधोमध. असं जनावर दाराला आलं म्हंजी बरकतच."

"म्हणून तर दुसरं काय बघितलंच न्हाय," तात्या म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना तसं एकदाच पाहिलं होतं, धनंजय झाला तेव्हा. माझ्या वेळचं मला आठवणं शक्य नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

दोघांनी नखापासून शेंडीपर्यंत एकूण एक भोवरा वाचला. नाकात मात्र भोवरा नसतो, म्हणून तिथं कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते मी, कारण मला जे दिसू नये तेच आधी दिसतं. तिची उजवी नाकपुडी वाहत होती. नुसतं पाणी नाही. घट्ट, हिरवट पिवळं, आटलेल्या काकवीसारखं, खाली वाळून केसांना खपली धरलेलं, आणि त्यावर माश्या. डावी नाकपुडी कोरडी ठणठणीत.

"तात्या, तिचं नाक बघा की. शी!"

"टेंपोतली धूळ हाय बेटी," उस्मानचाचा म्हणाले.

"एकाच नाकपुडीत धूळ जाती व्हय?"

"तुला लक्ष्मी दाखवली तरी तू तिचा शेंबूड बघशील," तात्या म्हणाले, आणि सगळा मळा हसला. मला रोगबिग काही कळत नव्हतं हे इथं कबूल करते. घरचे आता ही गोष्ट सांगताना मला फार शहाणी करतात. मला फक्त एवढं कळत होतं की उद्या सकाळी हे पिवळं पाण्यात जाणार आणि माझे वडील त्यातली ओंजळ पिणार.

दुसरा दिवस पौर्णिमेचा. त्यानंतर पितरांचा पंधरवडा लागणार, म्हणजे पंधरा दिवस काही शुभ करायचं नाही. त्यामुळे रीत त्याच सकाळी उरकायची होती. आईनं घाईत सगळ्यांना माडगं प्यायला लावलं. मीही वाटीभर प्यायले, तिनं आग्रह केला म्हणून. डोणी भरली होती. पाण्यावर हळद तरंगत होती. एका बाजूला सातही घोडी आणि साहेब ओळीनं, धनंजय त्यांच्या दोऱ्या धरून. तात्या धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून घोडीला घेऊन आले. मला आईनं कुंकवाची वाटी देऊन डोणीच्या डोक्याशी उभं केलं होतं. म्हणजे घोडीचं तोंड आणि माझं तोंड यांत हातभर अंतर.

तिनं मान खाली घातली. पाण्याला तोंड लागायच्या आधी तिनं एकदा फुरकारी मारली. त्या उजव्या नाकपुडीतून एक जाड तार सुटली. ती तुटेना. लोंबत खाली आली, पाण्याला टेकली, हळदीत मिसळली, आणि वरचं टोक अजून नाकातच. तात्यांनी ओंजळ पुढे केली.

मी पुढे काही ठरवलं नाही. पोटानंच ठरवलं. वाटीभर माडगं, लसूण-मिरचीसकट, सरळ डोणीत.

मळ्यावर असा सन्नाटा मी परत कधी ऐकला नाही. बाजीनंसुद्धा वारा धरून ठेवला. मग पाकळीनं मान पुढे करून डोणी हुंगली, वरचा ओठ वळवला आणि पाठ फिरवली. रेवडीनं तेच केलं. छबिना तर दोरी तोडायला निघाला. जन्मभर मी ज्यांना घाणेरडी म्हणत आले, त्यांनी माझ्या बाबतीत एका क्षणात निर्णय दिला. तोंड लावायचा प्रयत्न केला तो फक्त साहेबांनी, पण धनंजयनं त्याला ओढलं.

"बाटवलंस!" तात्या ओरडले. "देवमनाची घोडी, आन् तिच्या पाण्यात तू... निघ हितनं. डोळ्यासमोर थांबू नगंस."

आई म्हणाली, "पोरीला कायतरी झालं आसंल वो."

"तिला काय हुतंय? तिला आमी सगळीच घाण वाटतो. जन्मल्यापासनं."

हे त्यांचं वाक्य खरं होतं, म्हणून लागलं. मी गोठ्यामागे जाऊन रडले, आणि तिथं बोकड होता, म्हणून परत यावं लागलं.

डोणीचं पाणी खड्ड्यात सोडलं. बाटलेला दगड म्हणून आईनं तो चुन्यानं घासला आणि उन्हात तसाच ठेवला. पंधरवडा संपेपर्यंत पुन्हा रीत करता येणार नव्हती. म्हणून घोडी फाटकाशी लिंबाखालीच राहिली, एकटी, तिची बादली वेगळी, तिचं घमेलं वेगळं. तिला तात्याच चारत आणि खरारा करत. माझ्याशी ते बोलत नव्हते. जेवायला बसले की माझ्याकडे पाठ करून बसत. मी पहिल्यांदाच त्यांच्या हाताकडे न बघता जेवले आणि मला अन्न गोड लागलं नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर म्हशीसाठी आले. काम उरकून हात धूत होते. तात्यांनी मोठ्या कौतुकानं त्यांना लिंबाखाली नेलं. मी ओसरीवरून बघत होते. डॉक्टरांनी देवमनाकडे पाहिलंच नाही. ते पाच पावलांवर थांबले, खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला, हातमोजे चढवले, मग घोडीच्या जबड्याखाली हात घातला. तिथं लिंबाएवढी गाठ होती. नाकपुडी उघडून आत बॅटरी मारली.

"तात्या, हिला किती दिवस झाले?"

"नऊ-दहा. का वो?"

"बाकीची घोडी हिच्या दावणीला? पाणी एका डोणीत पाजलंय?"

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. धनंजयनं तोंडात घातलेला शेंगदाणा तसाच धरला.

"न्हाय," तात्या म्हणाले. "पाजणार हुतो. न्हाय पाजलं."

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, ग्लँडर्स. घोड्याला होतो, पाण्यातून, नाकातून पसरतो, औषध नाही. माणसालाही होतो. रक्त लांब तपासायला जाईल. निघालाच तर घोडीला ठेवता येणार नाही. बाकीच्यांचंही रक्त जाईल, पुन्हा पुन्हा जाईल. ज्याच्यात निघेल ते जाईल. तोवर मळ्यातून एकही घोडं बाहेर जायचं नाही. आणि तात्यांनी आजच्या आज बारामतीला मोठ्या दवाखान्यात जाऊन स्वतःला दाखवायचं.

मी या दिवसांबद्दल फार बोलत नाही. घरात माडगं झालं नाही. तात्या ओसरीवर वेगळ्या चटईवर, वेगळं ताट. जनावरांच्या जवळ जायचं नाही म्हणून नुसते बसून लांबून बाजीकडे बघायचे. त्यांची हयात त्या आठ दावणींत होती, आणि आठातलं कोण राहील हे एका कागदावर येणार होतं. मला रोज किळस यायची, पण आता ती वासाची नव्हती. पहिल्या दिवशी, डॉक्टर बोलत असताना, माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं होतं? 'मी म्हटलं होतं ना.' एवढंच. घोडी मरणार, वडील कदाचित आजारी, आणि आतून मी खूश. असल्या घाणीला फिनेल नाही.

घोडीचा कागद तसाच आला. डॉक्टरांनी शांतपणे सुई दिली. ती एकदा गुडघ्यावर बसली, जत्रेत पोरं उतरवायला उंट बसतो तशी, आणि मग आडवी झाली. खड्डा खोल होता, शेजारी चुन्याच्या गोण्या. तात्यांना जवळ येऊ दिलं नाही. मी बांधावरून पाहिलं. वळलेले कान शेवटपर्यंत एकमेकांना टेकलेले होते, आणि तिच्या नाकावर तेव्हाही एक माशी. ती मी उडवायला हवी होती असं मला अजून वाटतं. मी त्या घोडीला एकदाही हात लावला नाही, आणि तिचा काय दोष होता? तिच्या नाकाकडे आधी कुणी तरी नीट बघायला हवं होतं, बस.

तात्यांचं रक्त स्वच्छ निघालं. बाकीच्यांचं पहिल्यांदा स्वच्छ, दुसऱ्यांदा स्वच्छ. तुळशीचं लग्न जवळ आलं तेव्हा डॉक्टरांनी मळा मोकळा केला. त्या दिवशी तात्या विहिरीवर गेले. परत आले तेव्हा हाताला साबणाचा वास होता, आमच्या घरातला पहिला. ते माझ्यासमोर जेवायला बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "आता येतुया का वास?"

"येतुया," मी म्हटलं.

"बरं हाय," ते म्हणाले. "येऊ दे."

माफी बिफी आमच्या घरात कुणी कुणाची मागत नाही. पण पुढच्या वर्षी नवं तट्टू आलं तेव्हा उस्मानचाचा भोवरे बघायला पुढे झाले आणि तात्यांनी त्यांना हातानं अडवलं. "थांबा. आधी नाकवालीला बघू द्या." सगळ्या मळ्यासमोर मला त्या तट्टाच्या नाकपुड्या उघडून आत बघायला लावलं. पाणी एक करायची रीत मोडली, आणि तिच्या जागी ही रीत आली. ज्या पोरीला वास सहन होत नाही तिला दर नव्या जनावराचा शेंबूड तपासायची शिक्षा. आजही धनंजय व्हिडिओ कॉल करतो, मी पोळ्या लाटत असते, आणि पडद्यावर एकदम घोड्याचं नाक. "अक्का, पास का नापास?" माझा नवरा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. लग्नात मी त्याला फसवलं, असं तो म्हणतो.

तात्या आता माझ्याकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेलेत, हात थरथरतात, रुमाल धरवत नाही. थंडी लागली की सर्दी होते. रोज सकाळी मी त्यांचं नाक पुसते. मला आजही उमासा येतो, तोंड फिरवावं लागतं. तात्या ते बघतात आणि त्यांना भारी मजा वाटते. "लांब उभी ऱ्हा," म्हणतात, "आमच्या माडग्यात वकशील." मग स्वतःच हनुवटी वर करतात, चांगलं शिकवलेलं घोडं करतं तशी, आणि स्थिर राहतात. मी चष्मा लावते, वाकते, बघते.

"एकच वाहतीय का दोन्ही?"

"दोन्ही, तात्या."

"मग भ्यायचं काम न्हाय," ते म्हणतात, आणि मी रुमाल धुवायला टाकते.